साप्ताहिक भोजनसभा आणि पाहुणे वक्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोटरी, लायन्स यांसारख्या, समाजसेवेसाठी एकत्र येणाऱ्या माणसांच्या सेवा क्लबाच्या दुपारच्या सभेला पहिल्यांदा येणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच ते असतात. वक्त्यांचे प्रश्न वेगळे, आणि कार्यक्रम समितीत नव्याने आलेल्या सदस्यांचे आणखी वेगळे. कार्यक्रम समितीचं काम बघताना हे सगळे प्रश्न मला सतत विचारले जातात, म्हणून उत्तरं एकाच जागी लिहिली आहेत. तुम्हाला लागू असेल तेवढंच वाचा. मात्र वक्ता म्हणून येणार असाल तर वेळेबद्दलचा भाग कृपया वगळू नका.

ही सभा असते तरी कशी?

एका तासाची. साडेबाराला अध्यक्ष घंटा वाजवतात, दीडला पुन्हा वाजवतात. मधल्या वेळात जेवण, पाहुण्यांचं स्वागत, क्लबाच्या कामाच्या दोन-चार सूचना, वक्त्यांचं भाषण, प्रश्न आणि आभार. बरेचजण सव्वाबारालाच येतात, कारण खऱ्या गप्पा घंटेआधी होतात.

आमच्याकडे ठरलेला हिशेब असा: पहिली वीस मिनिटं जेवण, पुढची सात-आठ मिनिटं सूचना, एकच्या ठोक्याला भाषण सुरू, एक वीसला प्रश्न, आणि एक अठ्ठावीसला आभार. क्लबाक्लबात थोडा फरक असतो, पण भाषणाची वीस मिनिटं बहुतेक ठिकाणी हीच. सूचना लांबल्या तर आम्ही सूचना कापतो, भाषण कापत नाही. याबाबतीत मी हट्टी आहे. कामधंदा सोडून, तयारी करून आलेल्या माणसाचा वेळ आपल्या आपसातल्या निरोपांनी खाल्ला तर ते पाहुण्याला शोभणारं स्वागत नव्हे.

दुपारच्या जेवणाचीच वेळ का?

कामावरच्या माणसाला दिवसात हक्काने मिळणारा मोकळा तास तोच, म्हणून. संध्याकाळ घरच्यांची असते, सकाळ धावपळीची. जेवायचं तर असतंच, मग ते चार माणसांत बसून का नको?

रोटरीची सुरुवात मात्र जेवणाने झाली नव्हती. 23 फेब्रुवारी 1905 रोजी, गुरुवारी संध्याकाळी, शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगमधल्या 711 क्रमांकाच्या खोलीत चार माणसं भेटली: वकील पॉल हॅरिस, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपीकामाच्या व्यवसायातले हायरम शोरी. हॅरिस लहान गावात वाढलेले. मोठ्या शहरात ओळखी भरपूर आणि स्नेह मात्र कुठे नाही, हे त्यांना सलत होतं. पुढे सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, त्यावरून रोटरी हे नाव पडलं. माणसं वाढली तशा कचेऱ्या अपुऱ्या पडल्या आणि सभा जेवणाच्या टेबलांवर आल्या.

लायन्सची मुळं तर थेट भोजनक्लबातच आहेत. शिकागोच्या बिझनेस सर्कल नावाच्या व्यापाऱ्यांच्या भोजनक्लबात मेल्विन जोन्स हे विमा व्यवसायातले गृहस्थ होते. एकमेकांना धंदा मिळवून देण्यापलीकडे आपण काही करणार आहोत की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. 1917 साली त्यातून लायन्स क्लब उभे राहिले. किवानिस त्याआधी दोन वर्षं, 1915 मध्ये, डेट्रॉइटला सुरू झाला होता. म्हणजे बारा वर्षांत तीन मोठ्या सेवा संघटना एकाच भागात जन्माला आल्या, आणि तिघींच्याही वाढीत या दुपारच्या टेबलाचा हात आहे.

दर आठवड्याला भेटायलाच हवं का?

नियम म्हणून विचाराल तर आता तसं बंधन सगळीकडे नाही. रोटरीने 2016 साली क्लबांना मोकळीक दिली: महिन्यातून किमान दोन सभा घ्या, त्या कशा आणि कुठे ते तुम्ही ठरवा. लायन्स क्लब आधीपासूनच बहुतांशी महिन्यातून दोनदा भेटतात.

माझं मत विचाराल तर जमत असेल त्या क्लबाने आठवड्याची सभा सोडू नये. पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या माणसाची एक सभा चुकली की महिनाभर गाठ पडत नाही. तेवढ्या काळात कुणाच्या घरी आजारपण येऊन गेलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. शिबिर असो, झाडं लावायची असोत, पुराच्या वेळी धान्य वाटायचं असो, ऐनवेळी एका फोनवर माणसं उभी राहतात ती आठवड्याच्या ओळखीमुळे. अर्थात दर आठवड्याला वक्ता आणायचा म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास वक्ते शोधायचे. ज्या क्लबाला ते पेलवत नाही त्याने दर आठवड्याचा अट्टहास करून कंटाळवाणी भाषणं घडवण्यापेक्षा दोनच सभा चांगल्या कराव्यात.

मी सदस्य नाही. येऊ शकते का?

जरूर या. एखाद्या सदस्याबरोबर आलात तर उत्तम, एकट्या आलात तरी चालेल. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे जेवणाची मोजणी बरोबर होते. काही पथ्य असेल तर तेही तेव्हाच सांगा.

पहिल्या भेटीत कुणी तुमच्यापुढे सदस्यत्वाचा अर्ज सरकवणार नाही. दोन-तीन सभा बघा, कामाच्या एखाद्या ठिकाणी येऊन जा, मग ठरवा.

ओळखीचं कुणीच नसेल तर बसायचं कुठे?

दारात स्वागताला एक सदस्य असतो. तो तुम्हाला टेबलापर्यंत नेतो आणि शेजारच्याशी ओळख करून देतो. जुन्या सदस्यांना आमची एकच विनंती असते: दर वेळी त्याच चौघांबरोबर बसू नका. नवा पाहुणा रिकाम्या टेबलाशी एकटा बसलेला दिसला तर ती स्वागत समितीची नव्हे, सगळ्या क्लबाची चूक. ओळख करून देताना नाव आणि काम एवढंच सांगायचं असतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

घंटा, भिंतीवरचे बॅनर, दंडाची पेटी, हे सगळं काय आहे?

घंटेने सभा सुरू होते आणि संपते. भिंतीवरची छोटी त्रिकोणी किंवा आयताकृती बॅनर दुसऱ्या गावांतल्या, देशांतल्या क्लबांनी भेट दिलेली असतात. परगावच्या क्लबात पाहुणा म्हणून गेलं की आपलं द्यायचं आणि त्यांचं आणायचं.

दंडाची पेटी ज्यांच्या हाती असते त्यांना सार्जंट-ॲट-आर्म्स म्हणतात. उशिरा आलात, फोन वाजला, वर्तमानपत्रात फोटो आला आणि सांगितलं नाही, अशा कारणांवरून ते किरकोळ रक्कम वसूल करतात. पुष्कळ क्लबांत आनंदाच्या बातमीसाठीही पैसे टाकायची पद्धत आहे: मुलीचा निकाल लागला, नातू झाला, की उभं राहून सांगायचं आणि पेटीत टाकायचं. सगळे पैसे सेवाकार्याला जातात. पाहुण्यांना दंड नसतो. ही गंमत पाच मिनिटांत आटोपली पाहिजे, आणि कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून ती करू नये. धंदा बसलेल्या माणसाला सगळ्यांसमोर पैशावरून चिडवलं की पुढच्या आठवड्यात तो येत नाही.

सत्याच्या चार कसोट्या म्हणतात त्या कोणत्या?

रोटरीच्या पुष्कळ सभांमध्ये त्या म्हटल्या जातात. आपण जे बोलतो, करतो, ते सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, आणि ते सर्वांच्या हिताचं आहे का. शिकागोचे हर्बर्ट टेलर यांनी 1932 साली, दिवाळखोरीच्या काठावरची एक कंपनी सावरताना, आपल्या लोकांसाठी त्या लिहिल्या. रोटरीने 1943 मध्ये त्या स्वीकारल्या.

जेवण झालं, गप्पा झाल्या. मग पाहुणे वक्ते कशाला?

सेवा करायला निघालेल्या माणसांना सेवा कुठे हवी आहे हे कळलं पाहिजे, म्हणून. क्लबातली माणसं कितीही चांगली असली तरी ती साधारण एकाच थरातली असतात. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, सुटून आलेल्या कैद्याला खोली कोण भाड्याने देतं, हे आपल्याला आपसात बोलून कळणार नाही. ते माहीत असलेला माणूस समोर बसवावा लागतो.

एका भाषणाने केवढं काम उभं राहू शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण 30 जून 1925 चं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथे लायन्सचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं आणि लहानपणापासून अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका हेलन केलर तिथे बोलायला आल्या होत्या. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी पंचेचाळीस वर्षं पूर्ण केली होती. भाषण अगदी लहान होतं. त्यांनी आपली गोष्ट थोडक्यात सांगितली आणि मग स्पष्ट मागणी केली: अंधांच्या कामाला वाहून घ्या, टाळता येण्याजोगा अंधपणा राहणार नाही, कुठलंही अंध किंवा बहिरं मूल शिक्षणावाचून राहणार नाही, असं बघा. लायन्सनी ते काम आपलं मानलं. पाच वर्षांनी, 1930 मध्ये, इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या लायन्स क्लबाने अंध व्यक्तींसाठी पांढरी काठी पुढे आणली, कारण काळी काठी मोटारवाल्यांना दिसत नव्हती. डोळ्यांची शिबिरं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, चष्म्यांचं वाटप, लायन्स म्हटलं की आजही पहिलं हेच आठवतं. ते भाषण भोजनसभेतलं नव्हतं, अधिवेशनातलं होतं. पण त्यात जे होतं तेच आम्ही दर आठवड्याच्या वक्त्यांकडे मागतो: स्वतःला नीट माहीत असलेली गोष्ट, थोडक्यात, आणि शेवटी नेमकं काय हवं आहे ते.

दर आठवड्याला असं काही घडत नाही, घडायची गरजही नाही. काही भाषणांनी नुसती माहिती मिळते, काहींनी एखादा गैरसमज जातो. तेवढंही पुष्कळ आहे.

वक्ते कसे निवडता?

प्रसिद्धी बघून नाही. मोठ्या नावाचा वक्ता गर्दी खेचतो, पण अनेकदा तो तेच भाषण दहा ठिकाणी करून आलेला असतो. आम्ही आधी काम बघतो. रक्तपेढीतला तंत्रज्ञ, भूजलाचा अभ्यासक, अपघात विभागातली परिचारिका, अग्निशमन दलातले जवान, दुसऱ्या देशातून शिकायला आलेली विद्यार्थिनी: अशा माणसांना कुणी सहसा बोलायला बोलावत नाही, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं.

तीन महिन्यांची यादी आधी तयार असते. एकाच विषयाचे दोन वक्ते लागोपाठ ठेवत नाही. क्लबाचे सदस्यही वर्षातून काही वेळा वक्ते असतात. आपल्या धंद्यातले बारकावे सांगणारं सदस्याचं भाषण पाहुण्याच्या भाषणापेक्षा रंगल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवलेल्या माणसाचं काम खरं काय आहे हे पुष्कळांना त्या दिवशीच कळतं.

मला बोलायला बोलावलं आहे. वीस मिनिटांत किती मावतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. निवांत बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द धरला तर वीस मिनिटांत दोन ते अडीच हजार शब्द होतात. त्यात एक मुद्दा नीट बसतो, फार तर दोन. संस्थेचा इतिहास, विश्वस्तांची नावं, मिळालेले पुरस्कार, सगळे उपक्रम, असं सगळं भरायला गेलात तर अठराव्या मिनिटाला तुम्ही मूळ विषयाशी पोचाल.

माझा सल्ला असा. एका माणसाच्या, एका घराच्या किंवा एका दिवसाच्या हकिकतीने सुरुवात करा. नाव बदला, ओळख पटेल असे तपशील वगळा, पण हकिकत खरी असू द्या. मग ती परिस्थिती का येते ते सांगा. त्यानंतर तुम्ही काय करता ते, आणि काय जमत नाही तेही. जे जमत नाही ते सांगितलंत की ऐकणारे टेबलावर पुढे झुकतात, कारण मदत तिथेच करता येते हे त्यांना कळतं. एकदा घरी घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात केलेली उजळणी नेहमी कमी वेळात संपते.

आणखी एक: समोरच्या माणसांचं नुकतंच जेवण झालेलं असतं. खोलीत अंधार करू नका, आणि कागद वाचून दाखवू नका.

स्लाइड दाखवल्या तर चालतील का?

चालतील, दहाच्या आत. फाइल आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे आमच्या लॅपटॉपवर फाँट नीट दिसतो का ते बघता येतं. एकच्या ठोक्याला भाषण सुरू व्हायचं असताना प्रोजेक्टरच्या वायरीत पाच मिनिटं गेली तर ती तुमच्याच वीस मिनिटांतून जातात. शेवटच्या टेबलावरून वाचता येत नसेल असा तक्ता दाखवण्यात अर्थ नाही. हातात धरता येईल अशी वस्तू असेल तर ती आणा आणि टेबलांवरून फिरवा. कृत्रिम पाय हातात घेऊन त्याचं वजन एकदा जाणवलं की ते विसरलं जात नाही.

शेवटी देणगी मागितली तर?

मागा, पण नेमकी. आम्हाला मदत करा या वाक्याने कुणाचा हात खिशाकडे जात नाही आणि कुणाचा कामालाही लागत नाही. बारा मुलांना शनिवारी गणित शिकवायला दोन माणसं हवी आहेत, असं सांगितलंत तर सभा संपायच्या आत कुणीतरी तुमच्याजवळ येऊन उभं राहील. क्लबाकडून संस्थेसाठी मोठी रक्कम हवी असेल तर ती भाषणात मागू नका. त्यासाठी प्रकल्प समितीकडे वेगळा अर्ज असतो, आणि निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत होतो.

स्वतःचा माल, विमा किंवा गुंतवणुकीच्या योजना विकण्यासाठी मात्र हे व्यासपीठ नाही. विषय तुमच्या व्यवसायातला असू शकतो, विक्री नको. निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन हे भाषण झालं, आमच्या कंपनीची नवी योजना ही जाहिरात झाली.

राजकारण आणि धर्म वर्ज्य आहेत का?

सार्वजनिक प्रश्न वर्ज्य नाहीत. पाणी, शाळा, रस्ते, कचरा, आरोग्य हे सगळे विषय शेवटी धोरणाशी येऊन भिडतात, आणि त्यांची माहितीपूर्ण चर्चा व्हायलाच हवी. क्लब कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही आणि सभेत उमेदवारांच्या गुणदोषांची चर्चा करत नाही. रोटरीच्या क्लबांच्या घटनेत हे लिहूनच ठेवलेलं आहे, इतर सेवा संघटनांचाही साधारण हाच शिरस्ता आहे. निवडून आलेला लोकप्रतिनिधी आपल्या कामाबद्दल बोलायला येऊ शकतो. प्रचाराच्या दिवसांत आम्ही त्याला बोलावत नाही.

धर्माबद्दल अभ्यासू भाषण चालेल. दुसऱ्याला कमी लेखणारं चालणार नाही.

वक्त्यांना मानधन देता का?

नाही. जेवण आमच्याकडून, आभाराचं पत्र आणि एखादी छोटी भेट. काही क्लब वक्त्याच्या नावाने ग्रंथालयाला पुस्तक देतात किंवा झाड लावतात. ही पद्धत मला फुलांच्या गुच्छापेक्षा कितीतरी बरी वाटते. लांबून येणाऱ्यांचा प्रवासखर्च आधी बोलून ठरवावा, दोघांनाही संकोच राहत नाही.

वक्त्यांचा परिचय कसा करून द्यावा?

एका मिनिटात. वक्त्यांनी पाठवलेली दोन पानी माहिती जशीच्या तशी वाचणं हा परिचय नव्हे. पदव्या, परिषदा आणि समित्या ऐकून कुणाला भाषण ऐकावंसं वाटत नाही. आधी फोन करून वक्त्यांना एक प्रश्न विचारा: या कामात तुम्ही आलात कशा? उत्तरातून परिचय तयार होतो.

नमुना म्हणून असा: “आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी रक्त दिलंय. ती पिशवी आपल्या हातातून गेल्यावर तिचं पुढे काय होतं, ती किती दिवस टिकते, आणि कोणत्या गटासाठी लोक रात्री-अपरात्री फोन करतात, हे आजच्या पाहुण्यांना रोज बघावं लागतं. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून त्या दीर्घकाळ काम करत आहेत. त्यांचं स्वागत करू या.” एवढंच. यानंतर लोक उत्सुकतेने मान वर करून बघतात. नावाचा उच्चार आधी विचारून घ्या. आडनाव चुकवून केलेला परिचय कितीही सुंदर असला तरी वाया जातो.

प्रश्न कसे विचारावेत?

थोडक्यात, आणि खरंच प्रश्न असेल तरच. उभं राहून आपलंच तीन मिनिटांचं भाषण करणाऱ्यांना अध्यक्षांनी नम्रपणे थांबवावं. आठ मिनिटांत पाच प्रश्न झाले पाहिजेत. पहिला प्रश्न यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही एका सदस्याला आधीच सांगून ठेवतो. तो विचारतो आणि बाकीच्यांची भीड चेपते.

चांगला प्रश्न काय करतो ते सांगते. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका बोलायला आल्या होत्या. किती मुलांना श्रवणयंत्रं मिळाली, कुणी दिली, मुलं आता कशी बोलतात, हे त्यांनी छान सांगितलं. शेवटी मागच्या टेबलावरून एक सदस्य उठले. हयात विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीत गेलेली, सभेत एरवी तोंड न उघडणारे. त्यांनी विचारलं, “बाई, या यंत्राचा सेल किती दिवस चालतो, आणि संपल्यावर नवा कोण आणतं?” शिक्षिका क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, की सेल आठवडा, फार तर दोन आठवडे टिकतो, आणि कितीतरी घरांत यंत्र कपाटात पडून आहे ते याचमुळे. यंत्र देणारे भेटतात, सेल देणारं कुणी भेटत नाही. भाषणात हे आलं नव्हतं, कारण दात्यांपुढे असं बोलणं त्यांना बरं वाटलं नसावं. पुढच्याच आठवड्यात सूचनांच्या वेळेत सेलच्या पुरवठ्याची योजना मांडली गेली, आणि तिची जबाबदारी त्याच सदस्यांनी घेतली. त्यात समारंभ नाही, फोटोला जागा नाही, पण यंत्रं कपाटातून बाहेर आली.

म्हणून प्रश्नांची आठ मिनिटं मी भाषणाइतकीच महत्त्वाची मानते.

वक्ते थांबतच नाहीत तेव्हा काय करता?

समोरच्या भिंतीजवळ एक सदस्य बसतो. पाच मिनिटं उरली की तो पिवळं कार्ड वर धरतो, एक मिनिट उरलं की लाल. वक्त्यांना हे आधी दाखवलेलं असतं. तरीही बोलणं चालूच राहिलं तर अध्यक्ष उठून शेजारी उभे राहतात. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं.

साठ माणसांच्या सभेत पाच मिनिटं जास्त गेली म्हणजे सगळ्यांचे मिळून पाच तास गेले. कुणाला दवाखाना उघडायचा असतो, कुणाची पावणेदोनची बैठक असते. दीडला घंटा होणार याची खात्री असते म्हणून ही माणसं दर आठवड्याला येऊ शकतात. ती खात्री दोन-तीनदा मोडली की आधी माणसं भाषणाच्या मध्येच उठू लागतात आणि पुढे यायचीच बंद होतात.

वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत तर?

क्लबातल्या दोन सदस्यांची भाषणं कायम तयार असतात. तेही नसेल तर टेबलावार चर्चा: चालू प्रकल्पांपैकी एक घ्यायचा, प्रत्येक टेबलाने दहा मिनिटांत अडचण शोधायची आणि एकाने उभं राहून सांगायची. यातून कधीकधी ठरवून केलेल्या बैठकीपेक्षा जास्त निघतं.

भाषण चालू असताना जेवत राहिलं तर चालतं का?

चालत नाही. एकला ताटं उचललेली असतात. उशिरा आलेल्यांनी मागच्या टेबलावर, भांड्यांचा आवाज न करता आटपावं.

हजेरी आणि मेकअप म्हणजे काय?

सदस्याची सभा चुकली तर त्याने दुसऱ्या एखाद्या क्लबाच्या सभेला किंवा सेवाकार्याला जाऊन ती भरून काढायची, याला मेकअप म्हणतात. हजेरीचे नियम पूर्वी कडक होते, आता बरेच सैल झाले आहेत. कामासाठी प्रवास करणाऱ्यांनी ही सोय जरूर वापरावी. अनोळखी शहरात दुपारी एकटं जेवण्याऐवजी तिथल्या क्लबात जाऊन बसता येतं. सलग काही आठवडे कुणी दिसलं नाही तर आम्ही रजिस्टर बघून पत्र पाठवत नाही, फोन करतो.

स्त्रियांना सदस्यत्व मिळतं का?

मिळतं, आणि हा प्रश्न अजून विचारला जातो याला कारण आहे. दीर्घकाळ ही पुरुषांचीच टेबलं होती. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे इथल्या रोटरी क्लबाने स्त्रियांना सदस्य करून घेतलं म्हणून 1978 मध्ये त्याची मान्यता काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे 1987 मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला. लायन्स आणि किवानिस यांनी त्याच वर्षी दारं उघडली. रोटरीने 1989 मध्ये जगभरासाठी नियम बदलला. 2022 साली जेनिफर जोन्स रोटरी इंटरनॅशनलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

स्त्रिया आल्यावर सभेतले विषयही बदलले. वक्त्यांच्या जुन्या याद्या चाळल्या तर हा फरक लगेच दिसतो.

ऑनलाइन सामील होता येईल का?

परगावी किंवा आजारी असलेल्या सदस्यांसाठी दुवा पाठवतो. वक्ता दूरचा असेल तर तोही पडद्यावरून बोलू शकतो. पण खोलीत चाळीस माणसं आणि पडद्यावर दहा असतील तर पडद्यावरच्यांचे प्रश्न कोण वाचून दाखवणार हे आधी ठरवा, नाहीतर ते नुसते बघत बसतात.

भाषण झाल्यावर पुढे काय?

त्याच संध्याकाळी आभाराचं पत्र जातं. क्लबाच्या बुलेटिनमध्ये भाषणाचा पानभर गोषवारा येतो. छापण्याआधी तो वक्त्यांना दाखवतो, आकडे आणि नावं तपासून घ्यायला. महिन्याभराने कार्यक्रम समितीतलं कुणीतरी वक्त्यांना फोन करून विचारतं की त्या दिवशी जे कुणी मदत करतो म्हणालं होतं त्यांनी ती केली का. हा फोन आम्ही कधी टाळत नाही.

वक्त्याचं नाव सुचवायचं असेल तर?

कार्यक्रम समितीला चार गोष्टी लिहून पाठवा: व्यक्तीचं नाव, ती काय काम करते, तुम्ही तिला बोलताना ऐकलं आहे का, आणि तिच्याशी संपर्क कसा करायचा. तिला आधी विचारून मगच फोन नंबर द्या. बाकी सगळं आम्ही बघतो. स्वतःचंच नाव सुचवायचं असेल तरी हरकत नाही. विषय एका वाक्यात लिहा, आणि ते ऐकून सदस्यांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं तेही लिहा.